मागचे दोन

"आन् हे दोन मागं कशाला ठेवतोस? मागनं कोण बोलणार हाय?" सुंदरआत्तेंनी विचारलं.

तळेकोंडच्या देवळात, सभामंडपाच्या अगदी मागच्या खांबाशी मी गुडघ्यांवर बसलो होतो आणि एक लहानसा काळा स्पीकर सुतळीने खांबाला बांधत होतो. वैशाखातली सकाळ संपत आली होती. बाहेरचं अंगण उन्हाने पांढरं पडलं होतं. आत मात्र लाद्या गार होत्या आणि गाभाऱ्याकडून जुन्या तेलाचा, ओल्या फुलांचा वास येत होता.

"मागून कोणी बोलणार नाही, आत्ते," मी म्हणालो. "मागून फक्त राई ऐकू येईल. पुढच्या स्पीकरांमधून पाखरू उडेल, सगळ्यांच्या डोक्यांवरून जाईल आणि तुमच्या मागे येऊन बसेल. संध्याकाळी तुम्ही इथेच बसा, ह्या खांबाला टेकून. सगळ्यांत चांगलं इथेच ऐकू येईल."

"बायका मागंच बसतात. सांगायला नको." तोंडाला पदर लावून त्या हसल्या. "म्हंजे मागं बसणाऱ्याला पयल्यांदाच चांगलं मिळणार. बरं झालं बाबा, पुण्यास्नं आलास."

सुंदरआत्ते म्हणजे माझ्या कॉलेजातल्या जयेशदादाच्या आत्या. तरुणपणीच विधवा होऊन त्या माहेरी परतल्या होत्या, आणि जयेशदादाची आई गेल्यावर त्याला त्यांनीच वाढवलं होतं. मी त्यांच्याच घरी उतरलो होतो. ते वाडीतलं शेवटचं घर. त्याच्यावर चढण आणि चढणीवर राई. राईतून उतरणारा झरा, ज्याला तिथे पऱ्ह्या म्हणतात, तो त्यांच्या मागच्या दाराशी येऊन पोफळींना पाणी देऊन पुढे जाई. साठ वर्षं त्या ते पाणी पीत आल्या होत्या. पण ज्या झाडांखालून ते येतं, ती झाडं त्यांनी आतून कधी पाहिली नव्हती. गावाचा रिवाजच तसा होता: गुरव सोडला तर राईत पुरुषांनी वर्षातून एकदा, जत्रेच्या दिवशी जायचं आणि बायकांनी वेशीवरच्या दगडाशी नारळ ठेवून परत फिरायचं. एरवी राईतली वाळकी काटकी उचलायची झाली तरी आधी देवाला विचारायचं.

आणि आता त्या राईच्या मधोमध रस्ता मागितला जात होता. पलीकडच्या माळावर पर्यटकांसाठी निवास बांधू पाहणारे कोणी लोक आले होते. रस्ता दिला तर ऐन, किंजळ, सातवीण, मधली सगळी मोठी झाडं जाणार होती. त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता गाव देवळात जमायचं होतं. ज्याला जे बोलायचं ते तो बोलेल. मग देवाला कौल लावला जाईल: पाषाणाच्या उजव्या-डाव्या बाजूंना पाण्याने फुलांचे दोन कळे चिकटवायचे, उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. देव जे सांगेल त्यावर पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही.

जयेशदादाने मला बोलावलं ते ह्यासाठी.

"लोकांनी राई कधी ऐकलेलीच नाही, हृषी," तो फोनवर म्हणाला होता. "जे ऐकलंच नाही, ते गेल्याचं दुःख कसं होणार? तू ये. तुझं सगळं सामान घेऊन ये. देवळातल्या देवळात त्यांना एकदा राईत बसवू. मग बघू कोण रस्ता मागतो."

त्याने बोलवावं आणि मी जाऊ नये, असं होणं शक्य नव्हतं. मी चारचौघांत बोलू न शकणारा मुलगा होतो. वर्गात माझं नाव पुकारलं की माझा हात वर जाई, आवाज मागे राही. कॉलेजच्या निसर्ग मंडळात जयेशदादा माझ्या तीन वर्षं पुढे होता. सगळ्यांचा लाडका, सगळ्यांशी बोलणारा. एकदा टेकडीवर सगळे हसत-खिदळत पुढे निघून गेले आणि मी माझं रेकॉर्डर घेऊन एका खडकाशी बसून राहिलो. तो एकटा परत आला, माझ्या शेजारी बसला, बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग म्हणाला, "तू बोलत नाहीस, म्हणूनच तुला एवढं ऐकू येतं." हे वाक्य मी चार वर्षं जपून ठेवलं होतं. माझ्या उणिवेला कोणी गुण म्हटल्याची तेवढी एकच नोंद माझ्यापाशी होती.

मागचे दोन्ही स्पीकर बांधून झाल्यावर मी तारा भिंतीकडेने पुढे आणल्या. पुढचे दोन गाभाऱ्याच्या दोन्ही बाजूंना होते, मधला आणि घुमणारा मोठा खोका देवासमोरच्या पायरीखाली. लॅपटॉप मी एका पाटावर ठेवला होता.

"तीन रंगांच्या तीन शेपट्या," आत्ते वाकून बघत म्हणाल्या.

"पिना म्हणतात त्यांना. हिरवी पुढच्या दोघांची, काळी मागच्या दोघांची आणि केशरी मधल्याची."

"आन् ह्या तुझ्या यंत्राला तर एकच भोक दिसतंय."

"एकच आहे. म्हणून ही डबी आणली." लॅपटॉपला जोडायची, तळहातावर मावेल एवढी ती डबी मी त्यांना दाखवली. तिच्या पाठीवर तीन रंगांची तीन भोकं होती. "ही नसेल तर पुढचं-मागचं सगळं एकात मिसळतं. कोण कुठून बोलतंय ते कळत नाही."

"माणसाला देवानं दोन कान दिलं आन् ह्याला एकच भोक. सस्त्यातलं घेतलंस." त्या उठल्या. "जोड तू. मी पेज घेऊन येते, आन् जयेशला हाक मारते. सकाळधरनं कुठं भटकतोय कोण जाणे. सभेची तुझ्यापेक्षा त्यालाच जास्त काळजी लागून राहिलीय."

त्या गेल्या आणि देऊळ माझ्या एकट्याचं झालं.

परवाच्या पहाटे मी आणि जयेशदादा राईत गेलो होतो. जत्रा नसताना आत जायचं म्हणून आमच्यासाठीही कौल लावला गेला होता आणि देवाने आम्हाला उजवा दिला होता. राईच्या पोटात देवाचं मूळ ठाणं आहे, एक उघडी दगडी घुमटी. तिच्यासमोर मी तिकाटण्यावर रेकॉर्डर उभं केलं. त्या रेकॉर्डरला चार माइक होते, दोन समोर पाहणारे आणि दोन पाठीमागे. समोरची बाजू मी झाडांकडे वळवली; पाठ घुमटीकडे आली.

"म्हणजे ह्याला मागूनही ऐकू येतं?" जयेशदादाने विचारलं होतं.

"पुढच्याइतकंच."

"भारी आहे. तू जा आता, लांब जाऊन बस. माकडं येतात इथे, मी लक्ष ठेवतो."

यंत्र चालू करून आपण निघून जायचं, ही आमच्या कामाची रीतच. माणूस जवळ असला की त्याचा श्वास, त्याच्या कपड्यांची सळसळ, पोटातली भूकसुद्धा उमटते. मी वेशीवरच्या दगडापर्यंत उतरून तासभर बसलो. परत आलो तेव्हा जयेशदादा घुमटीच्या पायरीवर होता आणि त्याचा चेहरा उजळलेला होता. "ककणेर गेला रे, अगदी डोक्यावरून! मिळाला असणार तुला." धनेश पक्ष्याला तिथले लोक ककणेर म्हणतात. त्याच्या पंखांचा आवाज कोणीतरी भलं मोठं सूप पाखडावं तसा येतो.

तो मला मिळाला होता. घरी आल्यावर मी हेडफोन लावून ऐकला. पण त्या रेकॉर्डरच्या हेडफोनमध्ये पुढच्या दोन माइकांचंच ऐकू येई. मागचे दोन काय म्हणतात, ते पाच स्पीकरांमध्ये बसल्याशिवाय मला कळणार नव्हतं.

मी आधी एकेक स्पीकर तपासला. लॅपटॉप एक लहानसा घंटेसारखा नाद पाळीपाळीने प्रत्येकात सोडतो. पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, मागचा उजवा, मागचा डावा. नाद रिकाम्या सभामंडपात खांबाखांबाला शिवत फिरला. सगळे बोलत होते. मग मी पंख्याची तार वाटेतून काढण्यासाठी पाट जरासा सरकवला, रेकॉर्डिंग उघडलं आणि ककणेराच्या दोन मिनिटं आधीची जागा लावली.

पुढचे दोन मुके होते. मधलाही. पाट सरकवताना हिरवी आणि केशरी पिन ओढली जाऊन अर्धवट बाहेर आली असणार, हे माझ्या लगेच लक्षात आलं. मी हात पुढे केला. तेवढ्यात माझ्या पाठीमागून, ज्या खांबाशी आत्तेंना बसायला सांगितलं होतं तिथून, जयेशदादा म्हणाला:

"उजवीकडचा नुसत्या पाण्यात. डावीकडचा पेजेत बुडवायचा. बास, एवढंच आहे."

मी वळून पाहिलं. खांबापाशी कोणी नव्हतं.

"देवाला पेज लावू?" हा दुसरा आवाज धोंडूकाका गुरवांचा होता. राईतल्या घुमटीची आणि ह्या देवळाची पूजा तेच करत.

"देवाला कुठे, काका. कळ्याला. पेज वाळली की तो कळा दिवे लागेपर्यंत हलायचा नाही. उजवा आपोआप पडेल."

"माझा आजा हेच करायचा, माझा बाप हेच करायचा. कुणी पेज लावली नाय."

"त्यांच्या पोरांना नोकऱ्या तरी कुठे मिळाल्या? निवास उभा राहू दे, पहिला माणूस तुमचा पांडू. माझा माळ तिथेच आहे, काका. रस्ता झाल्याशिवाय तो घेणार कोण?"

थोडा वेळ नुसती पानं वाजत राहिली. एक तांबट टुक टुक करत होता.

"आन् सुंदरा?" गुरवांनी विचारलं. "तिची पोफळं हायत त्या पाण्यावर."

"आत्तेचं मी बघतो. देवाने दिला म्हटल्यावर ती काय बोलणार?"

"आन् हा पुण्याचा पोर? एवढा राबतोय तो झाडांसाठी."

"राबू दे की. जयेशने राई वाचवायला सगळं करून पाहिलं, हे गावाला दिसायला नको? मग देवानेच उजवा दिला तर माझ्याकडे बोट कोण दाखवणार?"

आणि मग त्या दोघांच्या आवाजांवरून ककणेर गेला. मोठं सूप पाखडल्यासारखे ते पंख आले, आणि खांबामागे कुठेतरी जाऊन मिटले.

मी बटण दाबून ते थांबवलं. पुन्हा मागे नेलं. पुन्हा ऐकलं, कारण पहिल्या वेळी ऐकण्यात काही चूक झाली असेल असं मला वाटलं. ऐकणं एवढंच मला येतं आणि त्यातही मी चुकलो असतो तर त्या क्षणी मला फार बरं वाटलं असतं. मग मी हिरवी पिन आत ढकलली, केशरी ढकलली आणि पुन्हा लावलं. आता पुढून पानं, झरा, तांबट, हळद्या असं सगळं एकदम उसळून आलं आणि मागची बोलणी त्याखाली गेली. पण नाहीशी झाली नाहीत. पुढे बसणाऱ्याला कदाचित नुसती कुजबुज वाटली असती. मागच्या खांबाला टेकून बसणाऱ्याला शब्दन्‌शब्द ऐकू आला असता.

"काय रे, आमचा ध्वनिसम्राट उपाशीच राहणार वाटतं," दारातून आवाज आला. मी लॅपटॉप मिटला.

जयेशदादा चपला काढून आत आला. पाठोपाठ आत्ते, हातात पेजेचं भांडं आणि त्यावर केळीच्या पानात, देऊळ म्हणून सुक्या मासळीऐवजी, फणसाची भाजी. आम्ही बाहेरच्या ओट्यावर सावलीत बसलो.

"झालं सगळं जोडून?" त्याने विचारलं.

"झालं."

"मला तर टीव्हीची तारसुद्धा जोडता येत नाही. हे पोरगं बघ, आत्ते."

"तुला लग्नसुद्धा जोडता येत नाय, तार काय जोडशील," आत्ते म्हणाल्या. "खा रं तू, हृषी. तोंड का सुकलंय?"

पेज गरम होती, पांढरी, चिकट. वाटीच्या कडेला जिथे ती वाळली होती तिथे एक पातळ पापुद्रा धरला होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"जयेशदादा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "परवा तू घुमटीशी बसला होतास, तेव्हा धोंडूकाका आले होते का?"

"आले होते. पूजा करून गेले. का रे?"

"रेकॉर्डिंगमध्ये पावलं आली आहेत."

त्याचा वाटीकडे जाणारा हात थांबला. फार थोडा वेळ थांबला. दुसऱ्या कोणाच्या ते लक्षातही आलं नसतं. मग त्याने भुरका मारला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "पावलं काढून टाकता येतात ना?"

"येतात."

"मग झालं तर."

आत्तेंनी त्याच्या वाटीत आणखी पेज वाढली.

पाच वाजता सभामंडप भरला. पुरुष पुढे, बायका मागे. सुंदरआत्ते बरोबर त्या खांबाला टेकून बसल्या होत्या आणि शेजारच्या बायकांना बोट दाखवून तो स्पीकर समजावून सांगत होत्या. गावाचे वडीलधारे विठूतात्या घाग गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी होते. त्यांच्यामागे, आतल्या अंधारात, धोंडूकाका गुरव खाली मान घालून बसले होते.

रस्ता हवा म्हणणारे बोलले. नको म्हणणारे बोलले. मग जयेशदादा उभा राहिला, आणि तो इतकं सुंदर बोलला की त्यातला शब्दन्‌शब्द मला अजून आठवतो. राई ही आपली आई आहे, तिची हाक आपण कधी ऐकली नाही. आज हा मुलगा, जो आपल्या गावचाही नाही, तो ती आपल्याला ऐकवणार आहे. "ऐका. आणि मग देवाला विचारा. देव जे सांगेल ते मला मान्य. माझं मन काही असो."

बायकांमधून कोणीतरी डोळे पुसले. मला वाटतं, त्या आत्तेच होत्या.

"हृषी, लाव."

मी पाटापाशी बसलो होतो. तिन्ही पिना आपापल्या भोकात घट्ट होत्या. मला काहीच करायचं नव्हतं. बोलायचं नव्हतं, उभं राहायचं नव्हतं, कोणाकडे बोट दाखवायचं नव्हतं. नुसतं एक बटण दाबायचं होतं आणि पुढचं सगळं मागच्या दोन स्पीकरांनी केलं असतं. माझ्यासारख्या माणसासाठी सत्य ह्याहून सोपं कधीच झालं नसतं.

जयेशदादा माझ्याकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती, भीती नव्हती. टेकडीवर माझ्या शेजारी येऊन बसला होता, तोच चेहरा होता.

मी एका हाताने बटण दाबलं आणि दुसऱ्या हाताने, पाटाच्या आडून, काळी पिन बाहेर ओढली.

राई वाजू लागली. पानं, झरा, तांबट. सगळं पुढून, गाभाऱ्याच्या दोन बाजूंनी. लोक शांतपणे ऐकत होते, जसं देवळात लावलेलं कोणतंही गाणं ऐकतात तसं. एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "चांगलं हाय. रेडिओवानी वाटतंय." मग ककणेर आला. त्याचे पंख पुढच्या डाव्या स्पीकरमध्ये उघडले, वर चढले, जवळ आले, आणि मंडपाच्या मधोमध, सगळ्यांच्या डोक्यांवर, विरून गेले. तो कुठेच पोचला नाही.

मागच्या खांबापाशी सुंदरआत्ते वळल्या होत्या. त्यांनी स्पीकरच्या जाळीला कान लावला होता. थोड्या वेळाने त्यांनी कान काढला, स्पीकरवर हळूच टिचकी मारली आणि पुन्हा कान लावला.

रेकॉर्डिंग संपल्यावर धोंडूकाकांनी गाऱ्हाणं घातलं. त्यांचा आवाज कापत होता. लोकांना ते वयामुळे वाटलं असेल. "बा देवा महाराजा, तुझी लेकरं तुझ्या पायाशी बसलीत. रस्ता द्यायचा असंल तर उजवा दे, नसंल तर डावा दे." त्यांनी देवाच्या काळ्या पाषाणावर दोन कळे चिकटवले, उजवीकडे एक, डावीकडे एक. समईच्या उजेडात दोन्ही सारखेच दिसत होते.

चारेक मिनिटं गेली असतील. उजवा कळा जरा घसरला, थबकला आणि खाली पडला.

डावा तसाच होता. लोक हात जोडून उठू लागले तरी तसाच होता. मी तारा सोडवायला गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेलो, तेव्हा त्याच्याभोवती वाळत आलेली एक बारीक पांढरी कड मला दिसली.

आत्तेंनीही हात जोडले. "त्याच्या मनात असंल तर आपण काय बोलायचं," त्या कोणाला तरी म्हणाल्या आणि पदर सावरत उतरणीला लागल्या.

देऊळ रिकामं झाल्यावर जयेशदादा तारा गुंडाळायला आला. कोपरापासून तळहातापर्यंत नीट वेढे घेत तो लॅपटॉपपर्यंत पोचला आणि पाटामागे लोंबणारी काळी पिन त्याने उचलली.

"ही बाहेरच होती की."

"सैल होती," मी म्हणालो.

"हं."

तो पिनेवरची धूळ अंगठ्याने पुसत राहिला. "मागेही माइक आहेत, हे तू मला सांगितलं होतंस. मी पार विसरलो होतो. दुपारी तू पावलांचं विचारलंस तेव्हा आठवलं. वाटलं, संपलं सगळं."

मी पिशवीचं तोंड उघडलं.

"मग म्हटलं, हृषीच तर आहे." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेने. "दुसरा कोणी असता ना, तर मी त्याला बोलावलंच नसतं."

त्याने तारेचं वेटोळं माझ्या हातात दिलं. मी ते पिशवीत भरलं.

त्यानंतर मी तळेकोंडला गेलो नाही. दोन वर्षांनी, शिमगा नुकताच होऊन गेलेला असताना, एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला. शेजारच्या घरातल्या सुनेच्या मोबाइलवरून आत्ते बोलत होत्या. आधी त्यांनी माझ्या आईची चौकशी केली, मग माझ्या जेवणाची. जयेशदादा निवासाच्या कामात बुडालेला असतो, घरी जेवायलाही येत नाही, म्हणाल्या. पऱ्ह्या ह्या वर्षी माघातच आटला होता. पोफळी वरून वाळत होत्या.

"राई गेली रे, बाबा," त्या म्हणाल्या. "रस्त्यावरनं आता आम्ही बायकाबी जातो. बघायला काय नाय तिथं. तुझ्या डबीत हाय ना ती अजून?"

"आहे, आत्ते."

"तेवढी पाठव. ही सून लावून देईल. आन् मागचंबी पाठव हां. त्या दिशी मागचं दोन बोललंच नायत. मी कान लावून बसले होते."

"हो," मी म्हणालो.

त्या राईचा आवाज जगात आता माझ्याचपाशी उरला होता. मी फाइल उघडली. चार रेषा होत्या, दोन पुढच्या, दोन मागच्या. मग मी एक प्रत काढली आणि तिच्यातल्या मागच्या दोन पुसून टाकून पुढच्या दोन पाठवल्या. मूळ फाइल जशी होती तशी ठेवून दिली.

आठवड्याने पुन्हा फोन आला.

"ऐकलं," आत्ते म्हणाल्या. "लय ग्वाड हाय. रोज लावून घेते. पाखरू येतं, माझ्या डोक्यापातूर येतं." "पण हृषी, ते बसतं कुठं, ते काय कळत नाय रे."

मी फोन कानाशी धरून राहिलो.